पहिला माणूस कोणता ठेवू? पालवर्ल्ड खेळताना सापडलेलं उत्तर



आज मार्जिन नाही, जीएसटी नाही, उधारी वसुली पण नाही. आज गेमबद्दल लिहितोय. दर रविवारी दुकान बंद केलं, गल्ला मोजला की मी दोन तास कॉम्प्युटरवर बसतो. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला भाचा, त्याचा रूममेट आणि मी, असे तिघं मिळून पालवर्ल्ड खेळतो. बायको म्हणते, लोकांना धंदा शिकवता आणि स्वतः रात्री मेंढ्या पकडत बसता. मेंढ्या पकडतो हे खरंच आहे. पण गेल्या महिन्यात त्यावरून भाच्याचं आणि माझं चांगलंच वाजलं. आणि त्या भांडणात मला आपल्या वर्कशॉपमधल्या सगळ्यात नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर दिसलं: "सर, पहिला माणूस कोणता ठेवू?"

ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॉकेटपेअर या जपानी कंपनीचा हा गेम जानेवारी 2024 मध्ये आला. एका बेटावर तुम्ही हात हलवत उतरता. लाकूड तोडा, दगड फोडा, भूक भागवा, जगा. बेटावर 'पाल' नावाचे प्राणी आहेत, ते गोळा टाकून पकडायचे आणि मग मदतीला बोलवायचे. बोलवायच्या जागा दोन. एक म्हणजे तुमच्या सोबतची टोळी: त्यात पाच पाल मावतात, पण एका वेळी मैदानात एकच उतरतो. दुसरी जागा म्हणजे तुमचा तळ, तिथे पाल कामाला लागतात. तळावरच्या जागा सुरुवातीला अगदी थोड्या असतात, तळाची लेव्हल वाढेल तशा वाढतात. पण कितीही पाल पकडलेले असू देत, जागा मोजक्याच. म्हणजे डब्यात चाळीस पडलेत आणि कामावर पाच, अशी अवस्था. तेव्हा खेळ खरा पकडण्याचा नाहीच. कुणाला बाहेर काढायचं, हा खेळ आहे.

आता आमचं भांडण. पहिला मोठा सामना असतो एका टॉवरमध्ये. झोई नावाची मुलगी आणि तिचा ग्रिझबोल्ट, पिवळा धिप्पाड विजेचा पाल. वेळ दहा मिनिटं. त्यात हरवलं नाही तर बाहेर. भाच्याकडे दोन पेंगुलेट होते, पेंग्विनसारखे छोटे पाल, आणि त्यानं त्यांना लाडानं वाढवलेलं, लेव्हल सगळ्यात जास्त. दोघंही आमच्या तळावर कामाला होते. भाच्यानं ते उचलले, स्वतःच्या टोळीत टाकले आणि म्हणाला, "मामा, आपले बेस्ट घेऊन जाऊ."

मी पण विचार केला नाही. चला म्हटलं.

आत काय झालं? पेंगुलेट पाण्याचा पाल. आणि या गेममध्ये वीज पाण्यावर भारी पडते. ग्रिझबोल्टनं पहिला पेंगुलेट झोपवला, मग दुसरा. माझ्याकडे बाहेर होता लॅम्बॉल, म्हणजे मेंढी, त्याचं काय सांगायचं. रूममेटनं पण काहीतरी असंच काढलेलं. दहा मिनिटं संपली, बाहेर फेकले गेलो.

परत तळावर आलो तर तिथे वेगळंच. आमचं बेरीचं शेत बंद पडलेलं. आता हे नीट बघा, कारण माझा सगळा मुद्दा या शेतात आहे. बेरीच्या शेताला तीन वेगवेगळी कामं लागतात. कुणीतरी पेरायचं, कुणीतरी पाणी घालायचं, कुणीतरी काढणी करायची. मग ते उचलून खाण्याच्या पेटीत नेऊन टाकणारा चौथा. आमच्याकडे पेरणीला दोन लिफमंक होते. काढणी पण तेच करतात. कॅटिवा काढतो आणि वाहतो. फक्त पाणी घालणारे दोघं आम्ही लढायला नेले होते! पेरलेलं तसंच कोरडं. खाण्याची पेटी रिकामी. तळावरचे सगळे पाल उपाशी आणि उपाशी पालांची मनःस्थिती घसरते, गेममध्ये त्याचा आकडाच दिसतो. तो खाली गेला की पाल कामचुकारपणा करतो, आजारी पडतो. आमचा फॉक्सपार्क्स, ज्याच्यावर भट्टी चालायची, तो भट्टीसमोर नुसता बसलेला.

म्हणजे ज्याला 'बेस्ट' म्हणून नेला तो तिथे निरुपयोगी आणि जिथून काढला तिथलं काम ठप्प. भाचा म्हणाला, "अजून एक लिफमंक ठेवू, स्पीड वाढेल." मी म्हटलं, अरे बाबा, पेरणाऱ्या तिघांना पाणी कोण देणार? त्याला पटेना. त्याचं म्हणणं, जास्त हात म्हणजे जास्त काम. रूममेट हसतोय. मी चिडलो. खरं सांगू का, मी भाच्यावर चिडलो नव्हतोच.

2016 ची गोष्ट. बीबीए होऊन दोन-तीन वर्षं इकडेतिकडे नोकरी करून मी बार्शीत चुलत भावाबरोबर रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान टाकलं. दोघं भागीदार. पहिले सहा महिने दोघंच. दसरा-दिवाळीला रंगाचा सीझन, म्हटलं माणूस ठेवू. आता बघा काय केलं आम्ही. मी माझ्या ओळखीतून एक मुलगा आणला, बोलायला एकदम भारी, एका मोठ्या शोरूममध्ये काउंटरवर होता, तिथली नोकरी सोडून आला. त्याच आठवड्यात भावानं त्याच्या सासुरवाडीकडचा एक मुलगा आणला. तो पण काउंटरचा! आम्ही एकमेकांना विचारलंच नव्हतं. म्हणजे विचारलं होतं, "माणूस बघतोयस ना?" "हो बघतोय." एवढंच.

झालं काय, काउंटरला आता चार जण. टेम्पो आला की वीस लिटरच्या बादल्या उतरवायला कुणी नाही, हमालाला बोलवा, पैसे द्या. गोडाऊनमध्ये कुठला शेड कुठे आहे याचा पत्ता नाही. पेंटरनं फोन केला की साइटवर माल पोचवायला मीच स्कूटरवर. गिऱ्हाईक समोर उभं आणि चार माणसं त्याच्याकडे बघून हसतायत, पण त्याला हवा असलेला डबा सापडत नाही. आमचं पाणी घालायचं काम रिकामं होतं आणि आम्ही पेरणारे चार ठेवले होते.

महिन्याला आठ-आठ हजार, दोघांचे सोळा. ऑक्टोबर कसाबसा निघाला. दिवाळीच्या आधी एकाला काढावं लागलं आणि तो मीच आणलेला होता, कारण भावाच्या सासुरवाडीचा मुलगा कसा काढणार? त्या मुलानं माझ्या शब्दावर चांगली नोकरी सोडली होती. त्याला मी सणाच्या दहा दिवस आधी घरी पाठवला. त्याची काहीच चूक नव्हती. काम चांगलं करत होता, ते काम आम्हाला नको होतं एवढंच. तो काही बोलला नाही, "बरं दादा" म्हणाला आणि गेला. अजून कधी बसस्टँडवर दिसला तर नमस्कार करतो, मला त्याच्या नजरेला नजर देता येत नाही. गेममध्ये पाल परत डब्यात टाकता येतो. माणसाचं तसं नसतं ना.

म्हणून माझं मत आता पक्कं आहे, आणि यावर बरेच ट्रेनर माझ्याशी सहमत नाहीत. तुम्ही ऐकलं असेल, पहिला माणूस 'स्टार' ठेवा, दोन पैसे जास्त द्या, तो धंदा वाढवेल. मला हे चूक वाटतं. पालवर्ल्डमध्ये पण हाच सल्ला फिरतो: अनुबिस मिळवा, अनुबिस मिळवा. अनुबिस भारीच आहे. वस्तू बनवण्याच्या कामात त्याची लेव्हल चार, खाणीत तीन, वरून माल पण वाहतो. पण त्याला पाणी घालता येत नाही, भट्टी पेटवता येत नाही. आणि तो खातो पण तसाच, छोट्या लॅम्बॉलच्या कितीतरी पट. खाण्याची पेटी भरायची व्यवस्था नसताना अनुबिस आणणं म्हणजे रोजची विक्री पाच हजार असताना पंचवीस हजाराचा मॅनेजर ठेवणं.

मग काय, 'ऑलराउंडर' ठेवायचा का? कॅटिवा बघा: थोडं बनवतो, थोडं काढतो, थोडं खणतो, थोडं वाहतो, सगळ्यात लेव्हल एक. सुरुवातीला, दोन-तीनच जागा असताना, मी डोळे झाकून कॅटिवा ठेवीन. दुकानातही पहिला माणूस असाच लागतो, जो झाडू पण मारेल आणि बिल पण करेल. पण एक अडचण येते. सगळं येणारा पाल एका कामावर टिकत नाही. तुम्हाला वाटतं तो दगड फोडतोय आणि तो मध्येच दुसरीकडे पळालेला असतो. नंतर गेममध्ये एकेका पालचं कुठलं काम चालू, कुठलं बंद, हे ठरवायची सोय आली तेव्हा कुठे आमचा तळ सुधारला. दुकानात ती सोय पहिल्या दिवसापासून आहे, तोंडानं सांगायची असते फक्त! "बाबा, टेम्पो आला की बाकी सगळं सोडून माल उतरवायचा." आपण सांगत नाही. मग म्हणतो पोरगा लक्ष देत नाही.

अजून एक गोष्ट. पालांना स्वभाव असतात. 'आर्टिझन' असेल तर कामाचा वेग 50 टक्के जास्त, 'स्लॅकर' असेल तर 30 टक्के कमी. एक गुण आहे त्याचं नावच 'वर्क स्लेव्ह', कामात 30 टक्के वाढ आणि लढण्यात 30 टक्के घट. नाव वाचून मला कसंतरी झालं, पण असे मालक मी बघितलेत जे नेमका असाच माणूस शोधतात: वर न बघणारा. गेममध्ये पालांना जास्त राबवायचा पर्याय पण आहे. आम्ही एकदा केला. मनःस्थितीचा आकडा भराभर खाली आला, मग गरम पाण्याचं कुंड बांधत बसलो. सीझनमध्ये रात्री दहापर्यंत थांबवता आणि सीझन संपल्यावर माणूस सोडून जातो, हे तुम्हाला माहीत आहे, माझ्याकडेही झालंय.

पण सगळ्यात मोठी गोष्ट मला वाटते ती भागीदारीची. हा गेम एकट्यानं खेळताना तुमची चूक तुमच्यापुरती. तिघं असलो की प्रत्येकाच्या हातात एक मैदानातला पाल, म्हणजे एकूण तीन. तिघांनीही 'माझा बेस्ट' काढला तर तीन बेस्ट मिळून एक टोळी होत नाही. पुढच्या रविवारी मी दोघांना सांगितलं, आत जायच्या आधी बोलून घेऊ. ग्रिझबोल्ट विजेचा, विजेवर माती चालते. मी रशोअर काढणार, भाचा डुमड काढणार, दोन्ही मातीचे. रूममेट म्हणाला मग मी फॉक्सपार्क्स हातात घेतो, त्याचा आगीचा फवारा चालवता येतो. भाच्याचा चेहरा पडला, कारण डुमड दिसायला ध्यान आहे आणि लेव्हल पण पेंगुलेटपेक्षा कमी. पेंगुलेट? दोघंही तळावर, पाणी घालायला. जायच्या आधी खाण्याची पेटी भरलेली बघितली, मग निघालो.

दीड मिनिट शिल्लक असताना जिंकलो. मी खोटं बोलणार नाही, खुर्चीवरून उठून ओरडलो, बायको आतून आली.

आता तुमच्यासाठी काम. माणूस शोधायच्या आधी आठ दिवस एक वही गल्ल्याजवळ ठेवा. दिवसभरात जे काम पडून राहिलं किंवा जे तुम्हाला गिऱ्हाईक सोडून करावं लागलं, तेवढंच लिहा. झालेलं काम लिहू नका. भागीदार असेल तर त्यानं त्याची वही वेगळी ठेवायची आणि आठव्या दिवशी दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघायच्या. माझ्या दुकानाची 2016 ला अशी वही असती तर त्यात 'काउंटर' हा शब्द एकदाही आला नसता, 'टेम्पो' आणि 'साइटवर माल' हेच रोज आलं असतं. मग पगाराचा आकडा ठरवा, आणि तो पगार सहा महिने कुठल्या पैशातून जाणार ते त्याच वहीत शेवटच्या पानावर लिहा. त्यानंतर नातेवाइकांना फोन.

पुढच्या व्हिडिओत माझ्या आत्ताच्या दुकानाची अशी वही दाखवणार आहे, पाच माणसं आहेत सध्या आणि सहावा ठेवायचा की नाही यावर भावाचं आणि माझं अजून जमत नाहीये. त्याला काउंटरला हवाय.