पदवीधर अंगठेबहाद्दर

बहुजनांचीं पोरें कॉलेजांत शिरलीं आणि विद्येचा कस गेला, अशी कुजबुज शहरांतल्या शहाण्या मंडळींत नेहमीं चालते. त्यांचा समाचार मागाहून घेऊं. आधीं आमच्याच शाळेच्या ओट्यावर घडलेली हकीकत ऐका.

गेल्या पावसाळ्यांत गांवचा एक बी. ए. झालेला मुलगा आमच्याकडे आला. बाप वारलेला, सातबाऱ्यावर वारसांची नोंद व्हावयाची होती. "गुरुजी, तलाठ्याला अर्ज लिहून द्या," म्हणाला. आम्हीं म्हटलें, "अरे, तूं पदवीधर, आम्ही चौथीपर्यंतचे मास्तर. तूंच लिही." त्यानें चार ओळी लिहिल्या. त्यांत मयताचें नांव नाहीं, गट नंबर नाहीं, तारीख नाहीं! ह्याच मुलाला चौथींत आम्हींच शिकविलें होतें, हेंही कबूल करतों. मग खिशांतून त्यानें दुसरा कागद काढला. चुलत्याच्या सोसायटीच्या कर्जाला हा जामीन राहिला होता. कागद स्वच्छ मराठींत छापलेला, खालीं ह्याची झोंकदार इंग्रजी सही. जामीन म्हणजे काय, हें आम्हीं सांगितलें तेव्हां बिचाऱ्याचें तोंड उतरलें.

ह्याच्या पणज्यानें कुळकर्ण्यापुढें अंगठा उठविला असेल. कुळकर्णी वाचून दाखवील तें खरें! शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कोल्हापुरांत कुळकर्णी वतनें मोडलीं, तीं रयतेच्या मानेवरची ही लेखणी दूर व्हावी म्हणूनच ना? पणतूनें अंगठ्याच्या जागीं सही केली, एवढाच फरक.

हा एकटाच मुलगा असा नाहीं. 'प्रथम' संस्थेच्या २०२३ च्या 'असर' पाहणींत देशांतल्या २८ जिल्ह्यांतील १४ ते १८ वर्षांचीं खेड्यांतलीं मुलें तपासलीं. शेंकडा २५ मुलांस दुसरीचा उताराही आपल्या भाषेंत धड वाचतां आला नाहीं. तीन अंकी संख्येस एका अंकानें भागणें निम्म्याहून अधिक मुलांस जमलें नाहीं. आणि ह्यांतल्या शेंकडा ८६ हून अधिक मुलांचीं नांवें शाळा-कॉलेजांच्या पटावर होतीं!

आतां शहाण्या मंडळींस एवढेंच विचारतों, कीं घराचा पाया खचला तर दोष राहणाऱ्याचा, कीं बांधणाऱ्याचा? जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हेंच गाऱ्हाणें मांडलें. रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांची उच्च विद्या पोसली जाते आणि रयतेचें प्राथमिक शिक्षण उपाशी राहतें. निदान १२ वर्षें वयापर्यंत तें सक्तीचें करा, असें त्यांचें मागणें होतें. आज सक्ती आली, फी गेली, कॉलेजही तालुक्यास आलें. पण एका मास्तराच्या माथीं दोन-दोन इयत्ता, वर मतदारयाद्या आणि रोजची माहिती भरणें. मुलाचें वाचन ऐकावें केव्हां?

पण आमचा खरा राग आमच्याच पुढाऱ्यांवर आहे. तालुक्याचीं कॉलेजें आतां भटांच्या हातीं नाहींत हो, आमच्याच पाटील-देशमुखांच्या हातीं आहेत! तेथें प्रोफेसर तासांवर मोजलेला रोजंदारीचा गडी. हजेरी कागदावर, वर्ग ओस, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीं गाईड. सरकारकडून फीची भरपाई आली कीं संस्थाचालकांची विद्येशीं फारकत झाली. त्यांचीं स्वतःचीं मुलें मात्र पुण्या-मुंबईस, नाहींतर परदेशीं! भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगांतील पोरें उपाशी राहूं नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धां, विकले. त्या भाऊरावांच्या तसबिरीस हार घालतांना ह्या मंडळींचे हात कसे कांपत नाहींत?

ज्या संस्थाचालकांस आमचें म्हणणें खोटें वाटत असेल, त्यांनीं येत्या जूनमध्यें आपल्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांकडून वारसनोंदीचा एक अर्ज लिहून घ्यावा आणि ते कागद न सुधारतां ह्या पत्राकडे पाठवावे. आमच्या चौथीच्या वर्गाचे कागदही आम्ही त्याच टपालानें पाठवितों. संपादकांनीं दोन्ही शेजारीं-शेजारीं छापावे.