तारामतीची थट्टा

चित्रपटाच्या इतिहासावर बोलणारा वक्ता उभा राहिला, की त्याच्या तोंडून एक वाक्य हमखास येते : ‘आपल्या पहिल्या चित्रपटाची नायिका म्हणजे खानावळीतला एक आचारी!’ श्रोते हसतात, वक्ता घोटभर पाणी पितो व पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मागे भालकीच्या एका सभेत हेच हसू आमच्या कानी पडले आणि आम्हांस त्याची मनस्वी चीड आली.

तो आचारी म्हणजे अण्णा साळुंके. मुंबईस ग्रँट रोडच्या एका खानावळीत दरमहा १० रुपयांवर ते कामास होते. ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांस तारामती मिळेना. त्यांनी जाहिराती दिल्या, कलावंतिणींचे उंबरठे झिजवले. कॅमेऱ्यापुढे उभे राहणे त्या बायकांनाही कमीपणाचे वाटले. अखेर १५ रुपयांवर साळुंके आले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात मुंबईने तारामती पाहिली.

त्याच १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांच्या शालूवर, त्यांच्या चालण्याबोलण्यावर महाराष्ट्र लुब्ध झाला. घरंदाज स्त्रिया त्यांचे अनुकरण करू लागल्या. कोकणात व गोव्यात दशावतारातील राणी आजही पुरुषच होतो. आमच्या बीदर-कलबुर्गीकडे बयलाटात पुरुषाने उभी केलेली नायिका गावे रात्रभर जागून पाहत आली. तेथे कोणी खुदकन हसत नाही. मग साळुंक्यांचीच थट्टा का? आमचे स्पष्ट मत असे, की हे हसू लुगड्याला नाही, पळीला आहे. गवयाने स्त्रीवेष घेतला तर ती कला, आचाऱ्याने घेतला तर गंमत!

कोणी म्हणेल, तो तर नाइलाजाने घेतलेला माणूस. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये त्याच वर्षी दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या, तरी चित्रपटांत काम करणाऱ्या स्त्रिया पुढेही दुर्मीळच राहिल्या, हे आम्हांस मान्य आहे. परंतु १९१७ च्या ‘लंकादहना’त फाळक्यांनी साळुंक्यांस सीता दिली ती दिलीच, वर रामही त्यांनाच दिला. रामासाठी पुरुष मिळत नव्हता की काय? पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक वहाणा काढून ठेवीत, असे सांगतात. त्या रामाच्या अंगात खानावळीतला आचारी होता, हे त्यांच्यापैकी किती जणांना सुचले असेल?

अमेरिकेत बायोग्राफ कंपनी नटनटींची नावेच जाहीर करीत नसे. फ्लॉरेन्स लॉरेन्स ही गाजलेली नटी लोकांस ‘बायोग्राफची मुलगी’ एवढीच ठाऊक होती. तिचे नाव १९१० साली प्रतिस्पर्धी कंपनीने पुढे आणले. तिकडे धंद्यापायी नाव दडवले गेले. आमच्याकडे नाव राहिले, पण त्याच्यापुढे ‘आचारी’ लिहून लेखणी थांबली. साळुंके पुढे कॅमेऱ्यामागे गेले, छायालेखक झाले आणि मूकपटांच्या अखेरच्या वर्षांपर्यंत चित्रे टिपीत राहिले, हे त्या भालकीच्या वक्त्याने सांगितले नाही. बहुधा त्यास ठाऊकच नसावे. त्यात हसण्याजोगे काही नाही ना!

फाळक्यांच्या त्या चित्रपटांचे थोडेच तुकडे आज शिल्लक आहेत. साळुंक्यांची टर उडवणाऱ्यांनी ते निदान एकवार डोळ्यांखालून घालावेत, आणि मग खुशाल व्यासपीठावर चढावे.