टाळ्या सुराला, सामना घड्याळाला

खांबाजवळून : नववा गडी

धाराशिवच्या क्रीडाप्रेमींच्या मोबाईलवर या आठवड्यात पुन्हा तसलाच एक व्हिडिओ फिरला. आक्रमकाचा आकाशी सूर, पळणारा गडी गारद, मागे ढणढणते संगीत आणि खाली शेरा : 'हाच खरा खो-खो'. या स्तंभाच्या जुन्या वाचकांना पुढचे रडगाणे पाठ आहे. तरी ते पुन्हा गायलाच हवे, कारण शेरा मारणाऱ्यांत यंदा दोन प्रशिक्षकही निघाले.

शेऱ्यात तथ्य नाही असे नाही. 2022 मध्ये बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीगच्या पहिल्याच अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजला 46-45 असे हरवले, ते सूरज लांडेच्या अखेरच्या क्षणांतल्या सुराच्या जोरावर. लीगने नियमही त्याच बेताने बांधले होते. साध्या स्पर्शाने गडी टिपला तर दोन गुण, सूर मारून टिपला तर तीन. शिवाय दिशेचे बंधन नसलेला खास आक्रमक, म्हणजे वजीर. दुकान आक्रमणाचे थाटले की गिऱ्हाईक आक्रमणाचेच येणार.

मारणे मोठे की तगणे, हे भांडण मातीतले तसे पत्त्यांतलेही आहे. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाचा 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ 1993 मध्ये बाजारात आला. पत्ते विकत घ्यायचे, अदलाबदल करायची, आपली गड्डी आपण रचायची. त्यात खेळाडूंच्या दोन जाती पडल्या. 'अॅग्रो'वाला पहिल्या फेरीपासून अंगावर धावून जातो. 'कंट्रोल'वाला समोरच्याची प्रत्येक चाल मोडून काढतो, हातातले पत्ते जपतो आणि तो रिकामा झाला की सावकाश जिंकतो. माइक फ्लोरेसने 1999 मध्ये एका लेखात मांडलेला मुद्दा आजही त्या वर्तुळात प्रमाण मानतात : दोघांपैकी एकाचे काम मारायचे असते, दुसऱ्याचे रोखायचे, आपले काम कोणते हे ओळखण्यात जो चुकला तो हरला. चौघे खेळायला बसले तर धावून जाणाऱ्याची आणखीच पंचाईत. एकाला लोळवण्यात त्याचा दारूगोळा संपतो आणि बाकीचे दोघे ताजेतवाने बसलेले असतात.

पत्तेवाल्यांना एक चैन मात्र परवडते. गड्डी घरून रचून आणायची आणि जन्मभर एकाच जातीचे राहायचे. खो-खोत ते जमत नाही. जी मुलगी आत्ता सूर मारून उठली, तिलाच थोड्या वेळाने तीनच्या तुकडीत पळायला उतरायचे असते. नऊ मिनिटे मारा, नऊ मिनिटे तगा. आणि खरी मेख पुढेच आहे. खो-खोत नियमांच्या बेड्या आक्रमकाच्या पायात असतात. त्याने मधली पाटी ओलांडायची नाही, एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळायचे नाही. पळणारा मात्र मोकळा. लोक ज्याला पळपुटा समजतात, खेळाचा लगाम त्याच्याच हातात असतो.

हे पाहायचे तर कोणत्याही सराव मैदानावर एकेरी साखळी खेळणारी चांगली मुलगी बघावी. बसलेल्या मुलींच्या मधून ती नागमोडी जाते, नजर चेंडूवर ठेवावी तशी आक्रमकाच्या खांद्यावर. खांदा झुकला की ती उलट्या बाजूला. मागून 'खो' ऐकू येतो, नवी मुलगी उठते, तोवर ही दोन पावलांनी पाटीच्या पलीकडे. सूर मारावा इतक्या अंतरात ती येतच नाही. येते तेव्हा मुद्दाम येते, समोरचीला सूर मारायला लावायला. सूर फसला की आक्रमक मातीत, आणि ती उठेपर्यंतचे सेकंद संरक्षणाच्या खात्यात. याचा व्हिडिओ कोणी कापत नाही. कापणार कसा? त्यात 'काही घडत' नाही ना!

19 जानेवारी 2025 चा दिल्लीतला विश्वचषकाचा अंतिम सामना या नजरेने पुन्हा पाहण्यासारखा आहे. भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असे हरवले. पहिल्या डावात 34-0, दुसऱ्यानंतर 35-24, तिसऱ्यानंतर 73-24. म्हणजे 78 पैकी 72 गुण आक्रमणाचे, 'ड्रीम रन'चे, म्हणजे ठरावीक वेळ तगल्याबद्दल संरक्षणाला मिळणारे, जेमतेम सहा. आक्रमणवाले हा हिशेब नाचवतात. पण शेवटच्या डावात काय झाले? 49 गुणांची आघाडी होती, मारायचे काम संपले होते, उरले होते फक्त रोखण्याचे. ते काम मुलींनी अचूक ओळखले. दुसऱ्या डावात 24 गुण मिळवणाऱ्या नेपाळला चौथ्यात 16 वर थांबवले. फलकावर संरक्षणाच्या नावे पाच गुण चढले. नेपाळच्या घटलेल्या आठ गुणांना मात्र फलकावर रकानाच नाही. त्याच दिवशी पुरुषांनी 54-36 असा विजय मिळवला. त्यांच्या संरक्षणाला एकही गुण नाही, आणि नेपाळचे दोन्ही डाव 18-18. शेवटच्या डावात रोखण्याच्या बाबतीत मुली मुलांपेक्षा सरस ठरल्या, हे किती मथळ्यांत आले?

त्या विजयी संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. तिच्या आधी सारिका काळे. 2016 च्या गुवाहाटी दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची ती कर्णधार, 2020 ची अर्जुन पुरस्कार विजेती, आणि तो पुरस्कार खो-खोकडे आला तो तब्बल 22 वर्षांनी. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या हाताखाली घडलेल्या या परंपरेत तगून राहण्याला मान आहे, असे या स्तंभाचे जुने मत आहे. ज्या जिल्ह्यात टँकरची वाट पाहत उन्हाळा काढावा लागतो, तिथल्या पोरींना घड्याळ कसे खावे हे वेगळे शिकवावे लागत नाही. याला आकडेवारी मागू नये, ती नाही.

मागणी मात्र साधी आहे. वर्तमानपत्रांतल्या सामन्याच्या वृत्तांतात संरक्षकाच्या नावापुढे मिनिटे आणि सेकंद छापायची मराठी पत्रकारितेची जुनी सवय आहे. तीच दूरचित्रवाणीच्या फलकावर आणा. प्रत्येक तुकडी किती वेळ टिकली, तिला बाद करायला किती खो द्यावे लागले, किती सूर वाया गेले, हे तिथल्या तिथे दिसू द्या. शेरा मारणाऱ्या त्या दोन प्रशिक्षकांनीही आपल्या मुलींची वही काढून गेल्या हंगामातले फसलेले सूर मोजावेत. स्तंभाला कळवले नाही तरी चालेल.