इंजिन बदललं, पिवळा दिवा तसाच

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू झाली की अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात ट्रक उभा राहणं कोणालाच परवडत नाही. संत्रं झाडावरून उतरलं की पुढे पिकत नाही, नुसतं सुकत जातं. नागपुरी संत्र्याची साल मुळातच सैल, त्यामुळे ढीग दोन दिवस जास्त पडून राहिला तरी खालचा थर दबतो. नेमक्या अशा आठवड्यात इंजिन धरलं तर मालकापुढे तीन वाटा असतात. कंपनीकडून नवं इंजिन घ्यायचं, म्हणजे मोठी रक्कम मोजायची. आपलंच इंजिन खोलून बोअर, क्रँक, लायनर सगळं करून घ्यायचं, म्हणजे दिवस मोजायचे. नाहीतर दिल्लीच्या मायापुरीसारख्या जुन्या मालाच्या बाजारातून किंवा अपघातात सापडलेल्या गाडीचं चालू इंजिन आणून टाकायचं. बँकेचा हप्ता आणि भरलेल्या क्रेट डोळ्यांसमोर असताना बरेच जण तिसऱ्या वाटेने जातात. त्यांना मी सरसकट दोष देणार नाही.

इंजिन बसतं, सुरू होतं, धूरही बरा असतो. पण डॅशबोर्डवरचा एबीएसचा पिवळा दिवा विझत नाही. मग गॅरेजात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘लाइट लागते तं लागू दे, गाडी थांबते नं बाप्पा!’

गाडी थांबते हे खरंच आहे. म्हणूनच त्या वाक्याला उडवून न लावता नीट उत्तर द्यायला हवं. एबीएसचा दिवा लागला म्हणजे हवेचे ब्रेक गेले असं होत नाही. हवेचा दाब कमी झाल्याची लाल सूचना वेगळी, तिच्यावर गाडी जागची हलवू नये. पिवळा दिवा एवढंच सांगतो की चाक लॉक होऊ न देण्याची सोय सध्या काम करत नाही. ड्रायव्हरने पॅडल दाबलं की ब्रेक लागतील, पण चाक फिरायचं थांबून घसरू लागलं तर ते सोडवायला कोणी नसेल. एबीएस प्रत्येक वेळी थांबण्याचं अंतर कमी करतं असंही नाही. सैल मुरुमावर ते थोडं वाढूही शकतं. त्याचा मोठा उपयोग असा की जोरात ब्रेक मारल्यावरही स्टिअरिंग हातात राहतं. दिल्लीला माल उतरवून रिकामा परतणारा ट्रक आठवून पाहा. मागच्या चाकांवर वजन नाही, पहाटेच्या धुक्याने रस्ता ओला, पुढे दिव्याविना चाललेली ट्रॅक्टरची ट्रॉली. भरलेल्या गाडीपेक्षा रिकाम्या गाडीची मागची चाकं लवकर लॉक होतात, आणि मागचा भाग आडवा फिरतो तो अशाच वेळी. १२ टनांपेक्षा जास्त एकूण वजनाच्या नव्या ट्रकांना २०१५ पासून एबीएस सक्तीचं झालं, ते अशा प्रसंगांसाठीच. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली किती एबीएसने वाचली असती हे त्या आकड्यातून कळत नाही. पण असलेली सोय हातची घालवायला तो आकडा आपल्याला मोकळीक देत नाही, एवढं माझ्यापुरतं स्पष्ट आहे.

आता इंजिन बदलल्यावर ब्रेकचा दिवा का लागावा? जुन्या गाड्यांत या दोघांचा काही संबंध नव्हता. फ्युएल पंप यांत्रिक होता, ब्रेक हवेवर होते, आणि मधे कोणी बोलणारं नव्हतं. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस ४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराचे नियम आल्यावर ट्रकमध्ये इंजिनचं ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक), एबीएसचं मॉड्यूल, मीटर, युरियाची यंत्रणा हे सगळे एकाच जोडतारेवर आले. त्या तारेला कॅन म्हणतात. गावात दवंडी पिटली की सगळ्यांना ऐकू जाते, तसं या तारेवर एकाने सांगितलेलं सगळ्यांना कळतं. एबीएस इंजिनला सांगतं, चाक घसरतंय, इंजिन ब्रेक सोड. इंजिन आपला वेग आणि ताकद कळवत राहतं. दुसऱ्या गाडीचं इंजिन, त्याचं वेगळं ईसीएम आणि वेगळं वायरिंग आलं की हे बोलणं तुटतं. ज्याचा आवाज ऐकू यायला हवा तो येत नाही म्हणून एबीएस दिवा लावतं. त्याचं स्वतःचं काही बिघडलेलंच नसतं.

इथे गॅरेजांत सगळ्यात महाग चूक होते. दिवा एबीएसचा, म्हणून एबीएसचं मॉड्यूल बदललं जातं. हजारो रुपये जातात आणि दिवा तिथेच राहतो. खरं तर पहिली तपासणी साध्या मल्टिमीटरने होते. चावी बंद करून बॅटरीची वायर काढायची आणि कॅनच्या दोन तारांमधला रोध मोजायचा. तारेच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रोध असतात, ते समांतर असल्याने मीटरवर साधारण ६० दिसायला हवेत. १२० दिसले तर एका टोकाचा रोध हरवला आहे. ज्या गाड्यांत तो इंजिनच्या ईसीएममध्ये असतो, तिथे तो जुन्या इंजिनाबरोबरच निघून गेलेला असतो. ४० दिसले तर नव्या ईसीएमबरोबर एक जास्तीचा आला आहे. शून्याजवळ दिसले तर दोन्ही तारा कुठेतरी एकमेकींना टेकल्या आहेत, बहुतेक वेळा इंजिन उतरवताना दाबल्या गेलेल्या वायरिंगमध्ये. पाच मिनिटांचं हे काम एक मॉड्यूल वाचवतं.

दुसरी तपासणी अर्थिंगची. इंजिन आणि चेसिस जोडणारी जाड पट्टी परत बसवायची राहते, किंवा बसते पण रंगावर, गंजावर. स्टार्टर फिरताना शेकडो अँपिअर जातात, त्यांना नीट वाट मिळाली नाही तर ते सेन्सरच्या बारीक तारांतून वाट काढतात आणि मग दिव्यांची माळ लागते. तिसरी गोष्ट या भागात फार महत्त्वाची आहे, ती वेल्डिंगची. गाडी उभीच आहे तर बाजूच्या जाळ्या, फळ्यांचे अँगल, इंजिनाचा ब्रॅकेट हे सगळं त्याच दिवशी वेल्ड करून घेतलं जातं. बॅटरी जोडलेली आणि मॉड्यूलांचे सॉकेट लावलेले असताना चेसिसवर वेल्डिंग केलं तर मॉड्यूल जळू शकतं. मग दोष मात्र इंजिन बसवणाऱ्या मिस्त्रीच्या नावावर पडतो.

एवढं करूनही दिवा राहिला तर चाकांकडे जायचं. हबवर दातेरी कडं असतं, साधारण ८० ते १०० दातांचं, आणि त्यासमोर सेन्सर. इंजिन-गिअरबॉक्स काढताना सेन्सरची वायर ओढली गेलेली असू शकते. सेन्सरचा रोध बहुतेक जड ट्रकांत ९०० ते २००० ओहमच्या दरम्यान येतो. चाक जॅकवर उचलून हाताने दोन सेकंदांत एक फेरा फिरवलं तर मीटरवर निदान ०.२ व्होल्ट एसी दिसले पाहिजेत. नाही दिसले तर सेन्सर कड्यापासून लांब सरकला आहे. तो हाताने पुढे ढकलून कड्याला टेकवायचा, चाक फिरलं की योग्य अंतर आपोआप पडतं. आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यापायी बरं झालेलं कामही उलटं केलं जातं. सेन्सरचा दोष दूर केल्यावर दिवा उभ्या गाडीत लगेच विझतोच असं नाही. गाडी साधारण ताशी ७ किलोमीटर वेगाच्या वर गेल्यावर मॉड्यूल सेन्सर तपासतं आणि मग तो विझतो.

इतकं कळल्यावर वाटतं की प्रश्न नुसता कौशल्याचा आहे. तसं नाही. जुन्या एबीएसमध्ये डॅशवरचा स्विच दाबला की दिवा लुकलुकून दोषाचा कोड सांगायचा, तो कोणालाही मोजता येत असे. आता बरीच माहिती स्कॅनरशिवाय दिसत नाही आणि कंपनीचा पूर्ण स्कॅनर तिच्या अधिकृत वर्कशॉपमध्येच असतो. मोर्शीच्या मालकाला त्यासाठी अमरावती किंवा नागपूर गाठावं लागतं, आणि बाहेरचं इंजिन टाकलेल्या गाडीला तिथे हात लावतीलच असं नाही.

कंपन्यांची बाजू पोकळ नाही. ज्या दारातून दोष वाचता येतो त्याच दारातून इंजिनची ताकद वाढवता येते, युरियाची यंत्रणा बंद करता येते, एबीएसमधली मांडणी बदलता येते. असं करून देणारे लोक आहेत हे ट्रकवाल्यांना कोणी सांगायला नको. उद्या ब्रेक चुकले तर कोर्टात नाव कंपनीचं घेतलं जाईल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ही काळजी मान्य करतं. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असे बदल चालणार नाहीत. त्याच वर्षी आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाने केलेल्या बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड आहे. बीएस ६ गाडीत बीएस ४ इंजिन टाकणं हा सरळ गुन्हा आहे, आणि त्या बाबतीत मला कसलीही सवलत मागायची नाही.

दुसरी बाजूही कागदावर आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. त्यांनी सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांपासून रोखून धरली असा तो निष्कर्ष होता. प्रकरण मोटारींचं होतं, ट्रकचं नव्हतं, आणि पुढे ते अपिलांत गेलं. तरी मूळ मुद्दा ट्रकच्या मालकाला जास्त लागू पडतो, कारण त्याची गाडी हेच त्याचं शेत असतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्येच दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. वाहनं त्यात आहेत. पण सक्तीचा कायदा नसताना कंपनी तिथे काय ठेवते आणि काय राखून ठेवते, हे तिच्याच मर्जीवर राहतं.

मला वाटतं, या वादात वाचणं आणि लिहिणं यांची सरमिसळ झाली आहे. मॉड्यूलमधला दोष वाचणं, कॅनवर कोण बोलतंय आणि कोण गप्प आहे हे पाहणं, सेन्सरचा वेग दिसणं, वायरिंगचा नकाशा मिळणं, हे सगळं प्रत्येक गॅरेजला माफक पैशांत उपलब्ध असलंच पाहिजे. ब्रेकच्या बाबतीत तर हे कायद्याने सक्तीचं करावं. मॉड्यूलमध्ये लिहिण्याचा अधिकार मात्र, म्हणजे ईसीएम गाडीशी जोडणं, इंजेक्टरचे कोड भरणं, एबीएसची मांडणी बदलणं, नोंदणीकृत माणसाकडेच असावा आणि त्याने काय बदललं याची नोंद मागे राहावी. या व्यवस्थेत कंपनीची भीती सांभाळली जाते आणि मिस्त्री आंधळा राहत नाही. यावर एक आक्षेप उरतो आणि तो खरा आहे: वाचून कळलेला दोष लिहिल्याशिवाय सुटत नसेल तर मालक पुन्हा अमरावतीच्याच रस्त्याला. पण मग निदान दोष कोणता हे ठाऊक असताना तो जाईल, आणि नको असलेलं मॉड्यूल त्याच्या गळ्यात पडणार नाही.

मालकाच्या हातातही काही आहे. पूर्ण इंजिन आणण्यापेक्षा शक्य असेल तिथे त्याच मॉडेलचं, त्याच बीएस श्रेणीचं हाफ इंजिन, म्हणजे हेडशिवायचं, आणावं आणि आपलेच हेड, सेन्सर, वायरिंग, ईसीएम त्यावर चढवावेत. मजुरी वाढते, एखादा दिवस जास्त जातो. पण गाडीतल्या बाकीच्या मॉड्यूलांना इंजिन बदलल्याचा पत्ताही लागत नाही. इंजिन नंबर मात्र बदलतो. तो गाडीच्या नोंदणी पुस्तकावर चढवायला १४ दिवसांत आरटीओकडे जायला हवं, गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमतीही हवी. हे राहून गेलं की अपघाताच्या दिवशी विम्याची फाइल इंजिन नंबरपाशी अडते. नव्या व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी फिटनेस करावं लागतं. तिथे या दिव्याकडे नीट पाहिलं जावं. पण ती तारीख दूर असते आणि गाडी रस्त्यावर रोज असते.

शिकवण्याचा भागही आहे. आयटीआयच्या मेकॅनिक मोटार व्हेइकल या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या मुलाला मल्टिमीटरवरचे ६० ओहम म्हणजे काय हे सांगता आलं पाहिजे. चार वाहतूकदारांनी मिळून एक चांगला बहुब्रँड स्कॅनर घेतला आणि गावातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला तो चालवायला शिकवलं, तर ते कोणत्याही कायद्याच्या आधी होऊ शकतं.

तोवर गॅरेजने एक गोष्ट पाळावी. इंजिन बदललेली गाडी मालकाच्या हाती देण्याआधी मिस्त्रीने ड्रायव्हरशेजारी बसून ती मोर्शीबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर न्यावी. वेग सातच्या पुढे जाऊ द्यावा आणि पिवळा दिवा विझतो का ते दोघांनी पाहावं. नाही विझला तर बल्ब काढायचा नाही, वायर कापायची नाही, गाडी परत आणायची आणि मीटर पुन्हा तारांना लावायचा. क्रेट त्या रात्री दुसऱ्या ट्रकमध्ये चढवता येतात.