जुने बॉयलिंग हाऊस आणि नवे ऑफिस



कारखान्याची गाळपक्षमता वाढली की नवी मिल येते, नवे बॉयलर येतात आणि जुन्या इमारती मोकळ्या पडतात. मग भंगाराचे टेंडर निघते आणि शेजारीच नव्या ऑफिसचा नारळ फुटतो. पाडायचा खर्च वेगळा, बांधायचा वेगळा, आणि दोन्ही निघणार आपल्याच उसातून. जुनी इमारत पाडण्याआधी तिच्या पोटात ऑफिस बसते का, हे एकदा नीट पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याला साखरेच्याच धंद्यातला एक दाखला आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, ईस्ट नदीच्या काठी डॉमिनो साखरेची जुनी रिफायनरी आहे. १८८२ च्या आगीनंतर ती नव्याने बांधली गेली. तिथे ऊस गाळत नसत. बोटीने आलेली कच्ची साखर विरघळवायची, हाडांच्या कोळशातून गाळायची आणि पॅनमध्ये पुन्हा शिजवून पांढरी करायची, असे तिथले काम. २००४ साली ते थांबले. २००७ मध्ये शहराने मुख्य इमारतीला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला, त्यामुळे ती वाटेल तशी पाडायची सोय उरली नाही. २०२३ साली त्याच विटांच्या भिंतींच्या आत १५ मजल्यांची, सुमारे ४ लाख ६० हजार चौरस फुटांची ऑफिसची इमारत सुरू झाली.

हे काम सोपे नव्हते. मूळ इमारत यंत्रांच्या मापाने बांधलेली. पॅन केवढे, गाळणीच्या टाक्या किती उंच, यावर आतली रचना ठरलेली. त्यामुळे खिडक्यांच्या ओळी आणि ऑफिसचे मजले यांचा मेळ बसेना. आपल्या पॅनच्या मजल्यावर जो कधी चढला असेल, त्याला हे वेगळे सांगायला नको. वास्तुशिल्पी विशान चक्रवर्ती यांच्या संस्थेने यावर सरळ तोड काढली. जुन्या भिंती दुरुस्त करून ठेवल्या आणि आत काचेची वेगळी इमारत उभी केली. भिंत आणि काच यांमध्ये सुमारे दहा-बारा फुटांची मोकळी जागा सोडून तीत झाडे लावली. नव्या मजल्यांचा भार नव्या सांगाड्यावर. जुनी चिमणी जागच्या जागी. नदीकाठी २०१८ साली बाग झाली, तीत सिरपच्या चार टाक्या आणि कारखान्याचे २१ खांब राखून ठेवले.

आता दुसरी बाजू. याच रिफायनरीत १९९९ पासून वीस महिने संप चालला होता, आणि पुढे साखरच थांबली. आजचे ऑफिस भाड्याने द्यायचे आहे. जे तिथे साखर शिजवीत होते, त्यांचा त्यावर काही हक्क नाही. आपल्या मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. गिरण्यांच्या आवारात ऑफिसे आणि दुकाने आली, आणि कामगार घरासाठी वर्षानुवर्षे अर्ज करीत राहिला. भिंत वाचली म्हणजे माणसाचे भले झाले, असे होत नाही.

सहकारात इमारत सभासदांच्या मालकीची असते. म्हणून आराखडा काढताना पहिला प्रश्न हा की, तळमजल्यावर कोण बसणार? आमचे उत्तर असे: ऊसनोंद, शेती खाते, ऊसबिल आणि शेअरची खिडकी खाली, एका रांगेत. समोर बसायला बाकडी, प्यायला पाणी. म्हाताऱ्या सभासदाला बिलासाठी जिना चढायला लागू नये. केबिनी वर गेल्या तरी चालतील.

कोणी म्हणेल, काचेचे ऑफिस न्यूयॉर्कला परवडते, आपल्याला कसे? बरोबर आहे. आपल्या उन्हात काच नकोच. जाड भिंती, उंच छप्पर, वर गरम हवा निघून जायला झरोके, हे जुन्या इमारतीत आयतेच मिळते. नक्कल काचेची करू नये. घ्यायचा तो विचार: जुन्या भिंतीवर नवे ओझे टाकू नये आणि यंत्राची जागा माणसाला सोयीची करून घ्यावी.

काळजीच्या गोष्टीही आहेत. पाया, लोखंडी खांब आणि कैच्या यांची तपासणी आधी तज्ज्ञ इंजिनियरकडून व्हावी. वाफेच्या जुन्या पाइपांवर अॅस्बेस्टॉसचे वेष्टण असेल, तर ते जाणत्या माणसांकडूनच काढून घ्यावे. ती धूळ छातीत गेली तर जन्माचे दुखणे. आगीच्या वेळी बाहेर पडायला दोन वाटा हव्यात. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ जीव गेले, ते विसरून चालणार नाही. आणि पायाच गेला असेल, तर जुन्याचा हट्ट न धरता ती इमारत पाडावी.

म्हणून आमची सूचना साधी आहे. असा विषय निघेल तेव्हा वार्षिक सभेपुढे दोन अंदाजपत्रके शेजारी-शेजारी ठेवा: पाडून नवे बांधण्याचे आणि जुन्यात बसवण्याचे. दोन्हींत भंगाराची किंमतही दाखवा. सभासदांनी आकडे वाचावेत, शंका विचाराव्यात आणि मगच हात वर करावा. मंजूर, मंजूर म्हणून विषय उरकू नये.