एसीचा आकडा किती असावा?

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीचे तापमान २० ते २८ अंशांच्या मर्यादेत ठेवण्याचा प्रस्ताव मांडला आणि चर्चा सुरू झाली. नवे स्टार लेबलचे एसी सुरू करताच २४ अंशांवर असावेत, हा नियम तर १ जानेवारी २०२० पासूनच लागू आहे.

एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा अंदाज आहे. तरीही उन्हातून आल्यावर अनेक जण १८ चा आकडा लावतात. त्याने खोली फारशी लवकर गार होत नाही. कॉम्प्रेसर मात्र जास्त वेळ राबतो.

शरीरालाही एवढ्या थंडाव्याची गरज नसते. २५-२६ अंश आणि जोडीला मंद पंखा बहुतेकांना पुरतो. पहाटे हवा उतरते. तेव्हा टायमर किंवा स्लीप मोड लावलेला असेल तर पांघरूण शोधावे लागत नाही आणि बिलही आटोक्यात राहते.

मात्र काटकसरीलाही मर्यादा हवी. वृद्धांना घाम कमी येतो, तहान उशिरा जाणवते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर शरीरातले पाणी आणखी घटते. दमट कोकणात तर घाम सहज सुकत नाही, त्यामुळे नुसता पंखा अपुरा पडू शकतो. अशा घरात उष्णतेच्या लाटेत बिलाच्या धास्तीने एसी बंद ठेवणे धोक्याचे. तो २६ वर ठेवावा, पण चालू ठेवावा.