मंदीतील मखमल

आर्थिक मंदीच्या काळात विमान कंपनीने विमानातील आसने व कक्ष यांच्या सुधारणेवर खर्च चालू ठेवावा काय, हा प्रश्न देऊळगाव राजाच्या वाचकास दूरचा वाटेल. परंतु येथून जालन्यामार्गे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, गाठून मुंबईच्या विमानात बसणाऱ्यांस 'जेट एअरवेज'ची अखेर चांगली ठाऊक आहे.

१९९३ साली सेवा सुरू करणाऱ्या मुंबईच्या या कंपनीने २००७ मध्ये आपल्या मोठ्या बोइंग विमानांत पहिल्या वर्गासाठी दार लावून घेता येणारे आठ-आठ कक्ष बसविले. त्याच वर्षी तिने 'एअर सहारा' १,४५० कोटी रुपयांस विकत घेतली. पुढल्याच वर्षी इंधन भडकले, जगभर मंदी आली आणि हे वैभव अंगाशी आले. काही बोइंग विमाने परकीय कंपन्यांस भाड्याने द्यावी लागली. ऑक्टोबर २००८ मध्ये तर सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांस घरी बसविण्याचा निर्णय झाला. लोकक्षोभ उसळताच तो मागे घेण्यात आला, हे खरे. पण काटकसरीची कुऱ्हाड प्रथम कोणावर चालते, हे त्यातून उघड झाले. १७ एप्रिल २०१९ रोजी कंपनीची सेवा थांबली, तेव्हा नोकरवर्गाचे पगार थकलेले होते. केवळ मखमली आसनांनी ती बुडाली, असे कोणी म्हणणार नाही. परंतु अंथरूण पाहून पाय पसरण्याचा धडा त्यातून मिळतोच.

याची दुसरी बाजूही आहे. नवी आसने मागविल्यापासून ती विमानात बसेपर्यंत बराच काळ लोटतो. मंदीत हात आखडणारी कंपनी तेजीत मागे पडते. 'एअर इंडिया'ने डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या मोठ्या विमानांच्या अंतर्भागासाठी ४० कोटी डॉलरांची योजना जाहीर केली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केल्यावर तिचे पश्चिमेकडील मार्ग लांबले व खर्च वाढला. म्हणून ती योजना गुंडाळावी, असे आम्ही म्हणणार नाही. मोडकी खुर्ची दुरुस्त करणे ही चैन नव्हे. उतारूकडून भाडे घेतल्यावर ते कर्तव्यच ठरते.

प्रश्न आहे तो क्रमाचा. आधी सुरक्षितता, मग नोकरवर्गाचे वेतन, त्यानंतर सामान्य वर्गाचे सुस्थितीतील आसन आणि सर्वांत शेवटी श्रीमंतांचे कक्ष, हा क्रम संचालकांनी संकटात तरी पाळावा. पावसाळा तोंडावर आला असता शहाणा गृहस्थ कौले चाळून घेतो. दिवाणखान्यात झुंबर टांगीत बसत नाही.